शहाडवरून जाणारे विमान

मुंबईहून कसाऱ्याच्या लोकलमध्ये बसलेला माणूस कल्याण आले की जरा पाय सैल सोडतो. अर्धा डबा तिथे रिकामा होतो, खिडकी मिळते, आणि तो खिडकीशी नीट टेकतो न टेकतो तोच शहाड येते. कल्याणच्या पुढचे पहिलेच स्टेशन. लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. धडधडत निघून जातात आणि फलाटावरच्या मंडळींना पदर नि पिशव्या सावरायला लावतात. ‘शहाडला चाललो’ म्हणून सांगितले की समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे उल्हासनगरच ना?’ शहाडचा माणूस यावर काही बोलत नाही. पण हा प्रश्न त्याला आवडत नाही, एवढे मी पन्नास वर्षांच्या अनुभवाने सांगू शकतो.

पन्नास वर्षे अशासाठी, की माझी थोरली बहीण लग्न होऊन शहाडला गेली, तेव्हापासून एकही भाऊबीज मी चुकवलेली नाही. माझा क्रमही ठरलेला आहे. स्टेशनवरून थेट ताईकडे न जाता आधी बिर्ला मंदिर. नाव बिर्लांचे, पण आत उभा आहे तो आपला विठोबा आणि शेजारी रुक्मिणी. आषाढीला ज्यांना पंढरपूर जमत नाही अशी कल्याण-उल्हासनगरकडची हजारो माणसे इथे रांग लावतात. नदी जवळच. ही उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत-बदलापूर करीत इथवर येते, आणि इथे तिला पंप लागतात. शहाडला उचललेले पाणी ठाण्याला, भिवंडीला, पार मीरा-भाईंदरला जाते. ज्यांनी शहाडचे नाव ऐकलेले नाही असे लाखो लोक रोज शहाडचे पाणी पितात!

मंदिर, नदी आणि तिसरी सेंचुरी रेयॉनची धुराडी. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात हा कारखाना आला. लाकडाचा लगदा घ्यायचा, त्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांचे संस्कार करायचे आणि रेशमासारखा चकचकीत धागा काढायचा, असा हा उद्योग. पलीकडे मोहन्याला दुसरा रेयॉनचा कारखाना होता, एन. आर. सी.; तो २००९ साली बंद पडला. ताईचे यजमान असल्याच एका कारखान्यात तिन्ही पाळ्या करीत. आता ते नाहीत.

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या दिवाळीत पाडव्यालाच मी शहाडला पोचलो. भाचा घरी होता. हा एका विमान कंपनीत अभियंता आहे. विमानांची इंजिने धुणे, तपासणे, उघडून पुन्हा मिटवणे हा त्याचा व्यवसाय. त्याने मला गॅलरीत नेले आणि दार लोटून घेतले.

‘मामा, यंदा आईला ओवाळणीत विमानाचे तिकीट घाला.’

मार्गशीर्षाच्या सुरुवातीला नागपूरला ताईच्या नातीचे लग्न होते. ताईचे गुडघे गेलेले. रात्रभराची आगगाडी, पाऊण पुरुष उंचीच्या त्या पायऱ्या, हे तिला सोसणारे नव्हते असे भाच्याचे म्हणणे. आणि दुसरेही एक होते. शहात्तर वर्षांच्या आयुष्यात ताई एकदाही विमानात बसली नव्हती. मुलगा विमानाचा डॉक्टर आणि आईने विमान पाहिले ते गॅलरीतून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या वर.

‘मग तूच काढ की तिकीट. तुला तर सवलत असेल,’ मी म्हणालो.

‘मी काढले तर ती तुम्हाला विचारील. आणि तुम्ही विमानाबद्दल काय काय बोलता ते तिला पाठ आहे.’

इथे मला थोडा कबुलीजबाब दिला पाहिजे. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. निवृत्तीनंतर शिकवायला मुले उरली नाहीत, म्हणून नातेवाइकांना शिकवतो. त्यात विमानाचा धूर हा माझा आवडता धडा. हवेत स्थिरावलेले एकशेऐंशी उतारूंचे विमान तासाला दोन ते अडीच टन इंधन जाळते, आणि एक किलो इंधन जळले की तीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एका किलोचे तीन किलो कसे, असे पोरे विचारीत. तर इंधनातला कार्बन हवेतला प्राणवायू ओढून घेतो, त्याचे हे वजन. साऱ्या जगात माणसाच्या जाळपोळीतून निघणाऱ्या या वायूत विमानांचा वाटा शंभरात अडीचच्या आसपास आहे. अडीच म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण जगातल्या बहुतेक माणसांनी विमानात पाऊलच ठेवलेले नाही. ती अडीच टक्के राख मूठभरांच्या चुलीची आहे. हे मी ताईच्या देखत इतक्यांदा बोललो होतो, की तिने विमानाचे नाव काढणेच सोडून दिले होते. ही गोष्ट मला त्या गॅलरीत कळली, आणि चांगले वाटले नाही.

पण माघार घेणे हा मास्तरांचा धर्म नव्हे. मी म्हटले, ‘आधी हे सांग, तुमच्या कंपन्या या धुराचे काय करतात?’

भाचा हसला. ‘परवा नरकचतुर्दशीला मी काय केले सांगू? इंजिनाला अभ्यंगस्नान घातले.’

थट्टा नव्हती. हवेतली धूळ, क्षार, काजळी इंजिनाच्या पात्यांवर बसते. मग तेवढ्याच जोरासाठी इंजिन अधिक इंधन मागते. म्हणून ठरावीक दिवसांनी इंजिन नुसते फिरवत ठेवून त्यात पाणी सोडतात आणि पाती धुऊन काढतात. वाचते ते शेकड्यात एखादा टक्का किंवा त्याहूनही कमी. पण टनांच्या हिशेबात तो टक्का लहान नसतो. अशा बऱ्याच युक्त्या त्याने सांगितल्या. विमान जमिनीवर उभे असताना शेपटीतले छोटे इंजिन चालू ठेवण्याऐवजी विमानतळाची वीज घ्यायची. धावपट्टीकडे जाता-येता दोनांतले एकच इंजिन चालवायचे. उतरताना पायऱ्यापायऱ्यांनी न येता घसरगुंडीसारखे एका लयीत यायचे, म्हणजे मध्येच इंजिनाला रेटावे लागत नाही. पंखांची टोके वर वळवायची. आणि या सगळ्यांहून मोठी गोष्ट, जुनी इंजिने काढून नवी आणायची. २०१६ पासून आपल्याकडे आलेली नव्या इंजिनांची विमाने जुन्यांपेक्षा पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी इंधन पितात.

‘आणि मामा, कंपनी हे पृथ्वीच्या प्रेमाने करते असे समजू नका. इंधन हाच तिचा सगळ्यांत मोठा खर्च.’

मला हा प्रामाणिकपणा आवडला. काटकसरीच्या पोटी आलेले पुण्य टिकते; नुसत्या हौसेचे पुण्य पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात कापले जाते. पण या हिशेबात एक भोक आहे, आणि ते भाच्यालाही दिसत होते. २०२३ या एकाच वर्षी दोन भारतीय कंपन्यांनी मिळून ९७० नव्या विमानांची मागणी नोंदवली. प्रत्येक विमान पंधरा टक्के कमी पिणार, पण पिणारे किती वाढणार!

एवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली. पाहुण्यांनी चकल्यांचा डबा संपवला होता आणि ताई दुसरा घाणा काढीत होती. भाचा कढईत डोकावून म्हणाला, ‘आई, हे तेल उरले की फेकू नकोस हं. याच्यावर विमान उडते.’

ताईने झारा तसाच धरून त्याच्याकडे पाहिले. ‘मग तुझ्या विमानाला चकलीचा वास येतो का रे?’

तळून तळून काळे पडलेले तेल पुन्हा खाण्यात येऊ नये म्हणून आपल्याकडे २०१८ पासून नियम आहे. ते गोळा करून, शुद्ध करून, त्यावर हायड्रोजनची क्रिया करून विमानाचे इंधन करता येते. पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला असे इंधन बनवण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र २०२५ सालीच मिळाले. दुसरी वाट आपल्या उसातून जाते. पुण्याच्या प्राज कंपनीने मळीपासूनच्या अल्कोहोलचे विमान-इंधन केले, आणि १९ मे २०२३ रोजी ते थोडे मिसळलेले विमान पुण्याहून उतारू घेऊन दिल्लीला गेले. देशी कच्च्या मालातून केलेल्या असल्या इंधनावरचे ते भारतातले पहिले प्रवासी विमान. त्याआधी २०१८ च्या ऑगस्टात डेहराडूनहून दिल्लीला रतनज्योतीच्या तेलाची भेसळ करून एक विमान चाचणीसाठी उडाले होते. ताईला हे सगळे नवलाचे वाटले. मला मात्र वाटले, की ज्या शहाडने डोळ्यांदेखत लाकडाचे रेशीम होताना पाहिले, तिथल्या बाईला चकलीच्या तेलाचे काय नवल!

संध्याकाळी बाजारात गेलो तेव्हा एका फरसाणवाल्याला मी मुद्दाम विचारले, जुन्या तेलाचे काय करता? एक टेंपोवाला येतो, डबे घेऊन जातो, पैसे देतो, म्हणाला. पुढे कुठे जाते? ‘ते कोण विचारतो, काका?’

आणि हाच तर माझा प्रश्न होता. परतताना तो भाच्याला मी ठाकुर्लीच्या दाखल्याने समजावला. कल्याणच्या अलीकडे ठाकुर्लीला, खाडीच्या काठी, रेल्वेचे चोळा पॉवर हाऊस होते. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत विजेची पहिली आगगाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला धावली, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत वीज कल्याणच्याही पुढे घाटापर्यंत पोचली. कोळशाची इंजिने गेली. उतारूंच्या डोळ्यांत कण जाणे थांबले. पांढरे धोतर मुंबईपर्यंत पांढरे राहू लागले. सगळ्यांना वाटले, धूर संपला. धूर संपला नव्हता. त्याने पत्ता बदलला होता. गाडीचा कोळसा आता चोळ्याला जळत होता आणि धूर ठाकुर्लीकरांच्या वाळवणावर पडत होता. ते पॉवर हाऊस पुढे बंद झाले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. आता धुराचा पत्ता चंद्रपूर आहे, कोराडी आहे.

‘म्हणजे मळीचे इंधन वाईट?’ भाच्याने विचारले.

वाईट नव्हे. मळी ही साखरेची उरलीसुरली गोष्ट. तिचे इंधन झाले तर उत्तमच. पण मळी पुरेना म्हणून विमानासाठीच ऊस लावू लागलो, तर त्या विमानाचा धूर सोलापूरकडच्या आटलेल्या विहिरीत शोधावा लागेल. उरलेल्या तेलाचेही तसेच. उरलेले ते उरलेलेच असले पाहिजे. विमानासाठी ताजे पामतेल जुने म्हणून खपवण्याचा मोह कोणालाही होईल. म्हणून टेंपो कुठे जातो हे कोणीतरी विचारलेच पाहिजे. शिवाय हे इंधन साध्याच्या कित्येक पट महाग, आणि साऱ्या जगातल्या विमान-इंधनात ते शंभरात एक भागही नाही. आपल्या सरकारने परदेशी फेऱ्यांसाठी २०२७ ला एक टक्का, २०२८ ला दोन आणि २०३० ला पाच टक्के असे लक्ष्य ठेवले आहे. पाच टक्के झाले तरी पंचाण्णव उरतात.

या पंचाण्णवांसाठी आंतरराष्ट्रीय संघटनेने आणखी एक उपाय काढला आहे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त धूर झाला, की दुसऱ्या कोणी कुठे धूर वाचवला असेल त्याचे प्रमाणपत्र विकत घ्यायचे. भारतीय कंपन्यांच्या परदेशी फेऱ्यांना हे २०२७ पासून लागू व्हायचे आहे. मला विचाराल तर हा प्रकार, एकादशीला साबुदाण्याऐवजी भजी मी खायची आणि उपास शेजाऱ्याने करायचा, त्यातला वाटतो. शेजारी खरोखर उपाशी राहिला का, हे पाहायला कोण जातो?

त्यापेक्षा भाच्याने गॅलरीतून दाखवलेली गोष्ट मला अधिक पटली. सूर्य मावळत होता, आणि कारखान्याच्या धुराड्यावरून खूप उंच एक विमान पांढरी रेघ ओढीत चालले होते. ‘ही रेघ म्हणजे धूर नव्हे,’ तो म्हणाला. इंजिनातून निघालेली वाफ काजळीच्या कणांवर गोठते आणि बर्फाची रेघ होते. हवा कोरडी असली तर ती मिनिटात विरते. पण थंड आणि दमट थरात सापडली तर तासन्‌तास राहते, पसरते, पातळ ढग होते आणि रात्री जमिनीची उष्णता गोधडीसारखी अडवून धरते. विमानांमुळे वाढणाऱ्या उष्णतेत या रेघांचा हिस्सा मोठा आहे, आणि गंमत म्हणजे त्यातला बहुतेक हिस्सा थोड्याच फेऱ्यांचा असतो. म्हणजे तो थर टाळून विमान जरा वरून किंवा खालून नेले की झाले. २०२३ साली एका अमेरिकन कंपनीने सत्तर फेऱ्यांत हा प्रयोग केला, तेव्हा रेघा निम्म्याहून कमी झाल्या. इंधन किंचित जास्त लागले. नवे इंजिन नको, नवे इंधन नको. नुसती वाट वाकडी करायची.

भाऊबीजेला सकाळी भाचा म्हणाला, ‘चला मामा, आमच्या गावचा विमानतळ दाखवतो.’ रिक्षाने आम्ही उल्हासनगरमधून निघालो. हे सगळे गाव म्हणजे युद्धकाळातली लष्करी छावणी, कल्याण कँप. फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी त्याचे उल्हासनगर असे नामकरण केले. छावणीचे नगर झाले; पण छावणीबरोबर आलेली दुसरी गोष्ट तशीच राहिली. पाचव्या कँपाच्या पुढे मलंगगडाच्या दिशेने गेले की नेवाळी लागते. इथे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी विमानतळ बांधला. त्यासाठी दीड हजार एकरांहून अधिक जमीन घेतली. युद्ध संपले, विमाने गेली, जमीन परत आली नाही. शेतकरी म्हणतात, लढाईपुरती घेतली होती, आमची आम्हाला द्या. संरक्षण खाते म्हणते, ती आमचीच. २२ जून २०१७ ला तिथे कुंपणाच्या भिंतीवरून जो उद्रेक झाला, त्यात गाड्या जळल्या, गोळ्यांनी माणसे जखमी झाली.

आम्ही गेलो तेव्हा सगळे शांत होते. दूर मलंगगडाचा सुळका, आणि समोर ओसाड धावपट्टीचे तुकडे. कडेला एक म्हातारी भाजीची जुडी बांधीत बसली होती. भाच्याने तिला विचारले, ‘आजी, विमानात बसलात कधी?’ तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, की रिक्षावाल्यानेच घाईने रिक्षा चालू केली.

परतीच्या वाटेवर भाचा बराच वेळ बोलला नाही. त्याच महिन्यात, ८ ऑक्टोबरला, उलव्याच्या नव्या मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले होते. तिथे डोंगर कापून सपाट केला, उलवे नदीचा प्रवाह वळवला, गावेच्या गावे उठवली. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि उतरायची पाळी येईपर्यंत विमाने इंधन जाळीत आकाशात घिरट्या घालतात. नव्या विमानतळाने त्या घिरट्या कमी होतील, हे खरे. कापलेला डोंगर त्या हिशेबात कुठे मांडायचा, हेही खरे.

मग भाचा आपण होऊन म्हणाला, ‘मामा, मला विचाराल तर कंपन्यांनी जवळच्या फेऱ्या आगगाडीला देऊन टाकाव्यात. आमचे विमान चढतानाच सर्वांत जास्त पिते. वर जाऊन स्थिरावले नाही तोच उतरायला लागायचे, हे इंजिनालाही आवडत नाही.’ फ्रान्समध्ये २०२३ साली कायदाच लागू झाला, की अडीच तासांत गाडी पोचवत असेल तिथे विमान नको. आपल्याकडे मुंबईहून पुण्याला विमानाने जाण्याचा प्रकारही अधूनमधून झालेला आहे! एका तिकिटात अर्धी वाट विमान आणि अर्धी आगगाडी अशी सोय विमान कंपनीने विकली, तर तिचे काय बिघडते? पण नागपूर अडीच तासांवर नाही, आणि ताईच्या गुडघ्यांसाठी फ्रान्सच्या कायद्यातही कलम नाही.

दुपारी ताईने ओवाळले. मी तबकात पाकीट ठेवले. तिने ते उघडले, चष्मा लावला, कागद वाचला आणि पुन्हा घडी घातली.

‘तुला चालेल का रे भाऊ?’ तिने विचारले.

पन्नास वर्षे मुलांना शिकवलेला माणूस, पण त्या प्रश्नाला मला चटकन उत्तर सुचले नाही. एवढेच म्हणालो, ‘तू विमानाने जा. मी गाडीने येतो.’

‘हट्टी,’ ती म्हणाली आणि माझ्या हातावर चकली ठेवली.

लग्नाच्या दोन दिवस आधी मी कल्याणला रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलो. गाडी निघाली आणि बघता बघता शहाड आले नि गेले. मी मुद्दाम दारात उभा होतो. फलाटावरच्या मंडळींनी पदर आणि पिशव्या सावरल्या. इमारतीच्या गर्दीत मी तिसऱ्या मजल्यावरचा दिवा शोधला, पण गाडीच्या वेगात सापडला नाही. माझी गाडी विजेवर धावत होती आणि तिचा धूर असल्याच कुठल्यातरी कोराडीला निघत असणार, हे मला माहीत होते. विमानापेक्षा माणशी तो पुष्कळ कमी, एवढ्या समाधानावर मी झोपलो.

सकाळी नागपूरला उतरलो. ताई दुपारी आली, चाकाच्या खुर्चीतून, अगदी राणीसारखी. भाच्याने तिला खिडकी मिळवून दिली होती. सगळ्या पोरीबाळी भोवती जमल्या. काय दिसले, कसे वाटले, भीती वाटली का. ताईने ढगांचे वर्णन केले, मिळालेल्या कागदी पेल्याचे केले. रात्री सगळे झोपायला गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

‘खूप शोधले रे मी शहाड,’ ती म्हणाली. ‘नदी दिसली असे वाटले. पण ती आपलीच की दुसरी, कळले नाही. धुराडे तर दिसलेच नाही. वरून धूरच दिसत नाही, भाऊ.’

मग जरा थांबून तिने विचारले, ‘जाताना मी तुझ्याबरोबर गाडीने आले, तर खालचा बाक मिळेल का?’